मदत हवी आहे : उशिरा आलेल्यांचं मागचं कसं भरून काढता?

कोल्हापुरात बी.एस्सी. भाग १ ला रसायनशास्त्र शिकवतो. वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले, पण प्रवेश अजून चालूच. रोज चार-पाच नवे चेहरे. त्यात गगनबावडा, राधानगरीकडची मुलं एसटीवर. पंचगंगेला पाणी चढलं की तीही गायब. मोल संकल्पना तीनदा शिकवून झाली. पहिल्या दिवसापासूनची मुलं आता उघड जांभया देतात (चूक त्यांची नाही).

व्हॉट्सॲपवर नोट्स टाकल्या, कुणी उघडत नाही. शनिवारी दुपारी जादा तास ठेवला, गाडी चुकेल म्हणून निम्मे आलेच नाहीत. व्हिडिओ सुचवू नका, गावाकडे रेंज नसते. प्रात्यक्षिकाचे आठवड्याला दोन तास तेवढे माझ्या हातात आहेत.

त्या दोन तासांत जुन्या-नव्यांना एकत्र बसवून कुणी हे जमवलंय का? नेमकं काय करून घेता?