चित्राचा भाव नगावर सांगायचा की वापरावर?

रेघोटी
पुण्यात स्वतंत्र काम करणाऱ्या चित्रकाराला फोनवर पहिला प्रश्न येतो, "एका चित्राचे किती घेता?" यावर थेट आकडा सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. तेच ए-फोर आकाराचं चित्र दिवाळी अंकात एकदा छापून येतं, आणि फरसाणाच्या खोक्यावर गेलं तर पाच-सात वर्षं दुकानाच्या फळीवर बसतं. मेहनत तेवढीच, पण घेणाऱ्याचा फायदा तेवढाच नाही. म्हणून आधी विचारा: कशावर छापणार, किती प्रती, किती वर्षं, कुठल्या भाषांत. किती चित्रं, हे त्यानंतर.

कायदाही आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. काहीच लिहिलं नाही तर हक्क आपल्याकडेच राहतो.

फर्मासोळा
शेवटचं वाक्य धोक्याचं आहे, कुणी त्यावर विसंबू नका. त्याच कायद्याचं कलम १७ वाचा. मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम करून घेणारा. खोक्यावरचं रंगवलेलं चित्र त्यात बसतं की नाही, हा वाद वकिलांचा. चित्रकाराने त्यात पडूच नये. ब्रश उचलण्याआधी एक पानी पत्र झालंच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. वापरावर भाव हा खोक्याला ठीक, मराठी पुस्तकाला नाही. हिशोब करा. समजा २०० रुपयांचं पुस्तक, १००० प्रती, विक्रेत्याला ४० टक्के सवलत. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात १,२०,००० रुपये. त्यातून कागद, छपाई, बांधणी, लेखकाचं मानधन आणि मुखपृष्ठ. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात ते पुस्तक दोन-तीन वर्षं हळूहळू विकलं जातं. इथे "भाषा किती, वर्षं किती" विचारलं तर प्रकाशक दुसऱ्या चित्रकाराकडे जातो आणि त्यात त्याचा दोष नाही.

पैसे बुडतात ते न मोजलेल्या कामात. मुखपृष्ठाचंच घ्या. पृष्ठसंख्या पक्की झाल्याशिवाय कणा (पुस्तकाच्या पाठीची जाडी) ठरत नाही. १६० पृष्ठं म्हणजे ८० कागद; ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकाच्या साध्या बिनचकाकीच्या कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मिमी, म्हणजे कणा सात-सव्वासात मिमी. लेखकाने ऐनवेळी दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं; डेमी या पुस्तकाच्या आकारात दोन फर्म्यांची ३२ पृष्ठं) वाढवले की कणा दीड मिमीने वाढला आणि पुढून मागे सलग जाणारं चित्र पुन्हा जुळवायला घ्यावं लागलं. हे काम कोटेशनमध्ये कुणी लिहितं का? म्हणून नगाचा भाव सांगा, पण त्यात दोन कच्ची रेखाटनं आणि एक रंगीत दुरुस्ती एवढंच धरा. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा दर वेगळा लिहा.

टाकबोरू
दोघेही एक मोठा खर्च सोडताय: फाइल छपाईला तयार करणं. बालपुस्तकाच्या कामात हा वेळ सहज पाचवा हिस्सा खातो.

काळ्या रेषेकडे बघा. टॅब्लेटवर आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) काढलेला काळा रंग छपाईसाठी बदलला की सॉफ्टवेअर तो छपाईच्या चारही शायांत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) वाटतं आणि चौघींची टक्केवारी मिळून एकूण शाई ३०० टक्क्यांच्या आसपास जाते. मॅपलिथोवर ती लवकर वाळत नाही, समोरच्या पानावर उमटते. शिवाय यंत्रावर चार रंग केसभर जरी सरकले तरी मुलीच्या नाकाच्या रेषेला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी कड दिसते. उपाय एकच: रेषा पहिल्यापासून वेगळ्या लेअरवर, फक्त काळ्या शाईत १०० टक्के, खालच्या रंगावर ओव्हरप्रिंट (म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापलेली). शेवटी हे करायला गेलं तर रेषा रंगातून सुटी काढणं जवळजवळ अशक्य. बाजूने ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेलं चित्र), आणि परफेक्ट बाइंडिंग (पानं कण्याला गोंदाने चिकटवलेली बांधणी) असेल तर जोडपानावर मधल्या एक सेंटिमीटरात चेहरा नको. हिरवा पोपट आणि भगवा फेटा स्क्रीनवर जेवढे झळकतात तेवढे कागदावर कधीच येत नाहीत. हे ग्राहकाला आधी छापील प्रूफवर दाखवा, नाहीतर "रंग चुकवलात" हे वाक्य ऐकावं लागतं.

याच्या उलट टोकाला वनस्पतिशास्त्राचं चित्र. वाळवलेल्या नमुन्यावरून (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र कोरेगाव पार्कातच आहे) काळ्या शाईचं रेखाचित्र करताना ०.१ आणि ०.३ चं पेन, छापायच्या दीडपट किंवा दुप्पट आकार, छटा ठिपक्यांनी. प्रमाणपट्टी (खरं माप दाखवणारी रेघ) चित्रातच काढायची. नुसतं "दुप्पट" लिहिलं तर चित्र लहान करून छापल्यावर ते खोटं ठरतं. तिथे पुंकेसर मोजायला सूक्ष्मदर्शकाखाली जातो तो वेळच मुख्य. म्हणून नग नको, वापर नको. टप्पे आणि दिवस मोजा.

रेघोटी
कलम १७ बद्दल मान्य, माझं वाक्य अर्धवट होतं. पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो: पत्रात "वापर" हा रकाना नसेल तर ते पत्र अपुरं आहे. टाकबोरू, दिवस मोजण्यात अडचण ही, की हात बसला की त्याच कामाचे पैसे कमी होतात. पाच दिवसांचं पात्र दोन दिवसांत काढायला लागलेली चित्रकार स्वस्त का व्हावी?

पैसे वेळेवर यायला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. सूक्ष्म उद्योग म्हणून कायद्याने करारातली मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज.

फर्मासोळा
नोंदणी जरूर करा, पण सदाशिव पेठेतल्या छोट्या प्रकाशकावर कुणी व्याज लावत नाही, कारण पुढचं पुस्तक त्याच्याकडूनच येणार असतं. त्यापेक्षा ४० टक्के आगाऊ, ३० टक्के पक्क्या रेखाटनाला, उरलेले मोठी फाइल देण्याआधी. तोवर ७२ डीपीआयचीच (पडद्यावर पाहण्यापुरती, छपाईला अपुरी) प्रत पाठवा.

वापराबद्दल एवढं मानतो: पत्रात लिहा, "पहिली आवृत्ती, २००० प्रतींपर्यंत, मराठी, छापील. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला मूळ मानधनाच्या २५ टक्के." प्रकाशकाला हे कळतं, कारण लेखकाशीही तो असाच बोलतो.

टाकबोरू
म्हणजे वापरावर भाव लावलातच की! पण या ओळीत ई-पुस्तक कुठे आहे? आणि तेच मुखपृष्ठ प्रकाशनसमारंभाच्या फ्लेक्सवर, मगवर आणि कॅलेंडरवर गेलं तर?

फर्मासोळा
फ्लेक्स पुस्तकाच्या जाहिरातीत धरा, त्याचे पैसे मागू नका. चहाचा मग आणि कॅलेंडर हे वेगळं काम, वेगळं पत्र. ई-पुस्तकाला मी अजून दर लावलेला नाही. "छापील" हा शब्द मात्र खोडू देत नाही.