एसएसएच जोडणी वारंवार तुटते आणि सर्व्हरवरचे कामही थांबते

प्रश्न : वाळपईकर

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यात राहतो. एका ग्रंथालयासाठी जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढण्याचे काम घरून करतो. पाने मुंबईतील एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली आहेत आणि तिथेच टेसरॅक्ट (चित्रातील अक्षरे ओळखणारा प्रोग्राम) चालवून एकेका वर्षाचे अंक वाचून घ्यावे लागतात. एका वर्षाच्या अंकांना कित्येक तास लागतात. लॅपटॉपवर उबुंटू आहे आणि सर्व्हरशी जोडणी टर्मिनलमधून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या पद्धतीने, करतो.

सुरुवातीला अडचण अशी होती, की जेवून परत यावे तर टर्मिनल गोठलेले असे आणि कोणतीही कळ दाबली तरी प्रतिसाद मिळत नसे. इंटरनेटवर शोधल्यावर सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ही सेटिंग सापडली. तिचे मूल्य 10 ठेवल्यापासून गोठणे थांबले. मात्र पावसाळा सुरू झाल्यापासून दुसरेच दुखणे उद्भवले आहे. वीज गेली की आमच्या भागातील फायबर मिनिट-दोन मिनिटे बंद पडते आणि तेवढ्यात ‘टाइमआउट, सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग’ असा संदेश येऊन जोडणी तुटते. घरचा राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे तो चालूच असतो. पूर्वी अशा छोट्या खंडानंतर जोडणी आपोआप पुन्हा चालू होत असे, असे मला स्पष्ट आठवते. सेटिंगमुळे परिस्थिती बिघडली असेल का? एका मित्राने एसएसएचऐवजी मॉश हा प्रोग्राम वापरण्याचा सल्ला दिला आहे. तो घ्यावा का?

उत्तर : मांडवीकाठ

होय, सेटिंगमुळेच. किंबहुना तुम्ही दिलेला संदेशच त्याची साक्ष आहे, कारण तो संदेश ही सेटिंग चालू असतानाच येतो.

आधी पहिले दुखणे पाहू. घरचा राउटर, आणि पुष्कळदा सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे उपकरणही, कोणती जोडणी कोणाची आहे याची एक नोंद ठेवते. बराच वेळ जोडणीतून काहीच गेले नाही तर ती नोंद पुसली जाते. दोन्ही टोकांना त्याची कल्पना नसते, म्हणून तुम्ही टाइप केलेले पुढे जात नाही आणि पडदा गोठल्यासारखा दिसतो. 2008 सालच्या आरएफसी 5382 या मानकानुसार अशी नोंद किमान 2 तास 4 मिनिटे टिकली पाहिजे, पण प्रत्यक्षात अनेक उपकरणे ती काही मिनिटांतच काढून टाकतात. लिनक्समधील टीसीपीची (एसएसएच ज्यावर चालते त्या इंटरनेट-नियमसंचाची) स्वतःची जिवंतपणाची चाचणी मुळात 7200 सेकंदांनी होते. त्यामुळे अशा उपकरणांपुढे तिचा काहीच उपयोग होत नाही आणि एसएसएचची स्वतंत्र सेटिंग लागते.

आता दुसरे. सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 10 म्हणजे 10 सेकंद सर्व्हरकडून काही आले नाही तर एसएसएच त्याला विचारणा करते. किती विचारणा अनुत्तरित राहिल्यावर जोडणी सोडायची हे सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ठरवते आणि त्याचे मूळ मूल्य 3 आहे. म्हणजे साधारण 30 सेकंदांची शांतता झाली की तुमचा लॅपटॉप स्वतःहून जोडणी बंद करतो. ही सेटिंग नसती तर लिनक्सचे टीसीपी न पोचलेला मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत साधारण 15 मिनिटे चिकाटी धरते. तुम्हाला आठवते ते बरोबर आहे.

इंटरव्हल 60 आणि काउंटमॅक्स 10 ठेवा. मिनिटाला एक विचारणा राउटरची नोंद जिवंत ठेवायला बहुधा पुरते आणि दहाएक मिनिटांचा खंड सहन होतो. दोन्ही ओळी होम फोल्डरमधील लपलेल्या एसएसएच फोल्डरातील कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरच्या होस्ट नोंदीखाली लिहाव्यात, म्हणजे दरवेळी टाइप करावे लागणार नाही.

कधी टर्मिनल गोठलेच तर खिडकी बंद करण्याची गरज नाही. एंटर दाबा, मग टिल्ड (~) हे चिन्ह आणि लगेच पूर्णविराम. जोडणी तिथल्या तिथे सुटते. हे चिन्ह ओळीच्या सुरुवातीलाच यावे लागते, म्हणून आधी एंटर. तुमच्या कामात मराठी कळफलक चालू राहिलेला असण्याची शक्यता आहे; तसे असल्यास टिल्ड उमटणार नाही आणि ही युक्ती चालत नाही असा गैरसमज होईल.

परंतु माझ्या मते या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कित्येक तासांचे काम एका जोडणीच्या आयुष्यावर टांगून ठेवूच नये. सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनलचे सत्र चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा आणि त्याच्या आत टेसरॅक्ट सुरू करा. एसएसएचची जोडणी संपली की सर्व्हर त्या टर्मिनलमधील कामांना हँगअपचा संकेत पाठवतो आणि ती बंद पडतात. टीमक्समधील काम मात्र टीमक्सच्या टर्मिनलमध्ये चालत असते, त्यामुळे त्याला हा संकेत पोचत नाही. ‘टीमक्स न्यू’ने सत्र सुरू करायचे, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडायचे, लॅपटॉप खुशाल बंद करायचा आणि संध्याकाळी ‘टीमक्स अटॅच’ने त्याच जागी परत यायचे. सत्तरीत दिवसभर वीज नसली तरी मुंबईतील पाने वाचली जात राहतील.

उत्तर : डिचोलीकर

वरील उत्तराशी सहमत आहे, पण काउंटमॅक्स वाढवण्याबाबत एक मर्यादा नोंदवतो. फक्त बाहेरची फायबर बंद पडली आणि राउटर चालू राहिला, तरच थांबून राहण्याचा फायदा होतो. इन्व्हर्टर दगा देऊन राउटर पुन्हा सुरू झाला, की त्याच्या नोंदी पुसल्या जातात, आणि तो तगला तरी फायबर परत आल्यावर कंपनी बाहेरचा पत्ता नवीन देऊ शकते. मग दहा मिनिटे थांबले काय आणि तासभर थांबले काय, जुनी जोडणी परत येत नाही. अशा वेळी वर दिलेला टिल्ड-पूर्णविरामाचा मार्ग पत्करून नव्याने जोडून घेणे हेच शहाणपणाचे.

मॉशविषयी : ते 2012 साली एमआयटीतून आले आणि नेमक्या याच अडचणीसाठी आहे. सुरुवातीची ओळखपरेड ते एसएसएचनेच करते, नंतर मात्र यूडीपीवर, म्हणजे टीसीपीसारखी कायम जोडणी न धरणाऱ्या पद्धतीवर, जाते. त्यामुळे फायबरवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात आणि पत्ता बदलला तरी सत्र चालू राहते. सर्व्हरवरही मॉश बसवावे लागते आणि फायरवॉलमध्ये 60000 ते 61000 या पट्ट्यातील यूडीपी पोर्ट उघडावी लागतात. मागे सरकून गेलेला मजकूर ते दाखवत नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंगही (एसएसएचमधून इतर प्रोग्रामांची वाहतूक नेणे) करत नाही. लॅपटॉपच बंद पडला तर ते जुने सत्र नव्याने पकडता येत नाही, म्हणजे टीमक्स तरीही लागणारच. तुमचे काम सुरू करून देऊन बाजूला होण्याचे आहे, दिवसभर टंकण्याचे नाही. तेव्हा मॉशची घाई करू नका.

पाने सर्व्हरवर चढवताना एससीपी ही फाइल पाठवण्याची आज्ञा वापरत असाल तर तिच्याऐवजी आरसिंक घ्या. ‘पार्शल’ हा पर्याय दिला तर मोठी फाइल अर्ध्यावर तुटली तरी चढलेला भाग राखून ठेवला जातो.

वाळपईकर :

देव बरें करूं. 60 आणि 10 ही मूल्ये ठेवली आणि टीमक्सही सुरू केले. काल संध्याकाळी वीज गेली, राउटरसकट सगळे बंद झाले, तरी रात्री जोडून पाहतो तर काम पुढच्या अंकांवर गेलेले होते. फक्त एक शंका : टीमक्समध्ये मराठी फाइलनावांच्या जागी नुसत्या अधोरेषा दिसतात. टीमक्सच्या बाहेर तीच नावे नीट दिसतात. फाइलनावे बिघडली तर नाहीत ना?

उत्तर : मांडवीकाठ

नावे सुरक्षित आहेत. अडचण केवळ दाखवण्याची आहे. तुमचे टर्मिनल यूटीएफ-8 (मराठीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) समजते हे टीमक्सला कळले नाही, की ते अशा अक्षरांच्या जागी अधोरेषा काढते. ‘टीमक्स’नंतर ‘उणे यू’ हा पर्याय देऊन पुन्हा अटॅच करा, म्हणजे नावे लगेच दिसतील. चालू काम थांबवावे लागणार नाही. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरवरील लँग या चलाचे मूल्य यूटीएफ-8 असलेल्या एखाद्या लोकेलवर (भाषा व अक्षरांच्या सेटिंगवर) ठेवणे. पुढे मॉश वापरायचे ठरवलेत तर हे आधीच करून ठेवा, कारण यूटीएफ-8 लोकेल नसल्यास मॉशचा सर्व्हर सुरूच होत नाही.