मदत हवी आहे: पाणी तपासणीचे निकाल वस्तीत कसे सांगावेत?

धागाकर्ती:
शाळा, आरोग्य केंद्र, महिला गट आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा मिळून पिण्याच्या पाण्याबद्दल लोकशिक्षणाचा उपक्रम करणार आहोत. विहिरी, हातपंप, नळ धरून ४० ठिकाणी ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याचं दाखवणारा जंतू), नायट्रेट आणि फ्लोराइड तपासायचं आहे. प्रयोगशाळा म्हणते, सगळे निकाल आले की एकच अहवाल देऊ. शाळेने 'पाणी उकळून प्या' अशी भित्तिपत्रकं करायला घेतली आहेत. महिला गटाची शंका वेगळीच: हातपंप खराब निघाला तर दारात येणाऱ्या बायकांना उत्तर कोण देणार? करारात काय लिहावं? मुलांना कोणतं काम द्यावं?

प्रतिसाद १:
महिला गटाचा प्रश्न आधी सोडवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. पहिली बाटली भरण्याआधी एका पानावर लिहून चौघांच्या सह्या घ्या: निकाल आधी कोणाला कळणार, किती तासांत, सांगणार कोण, तोवर पाणी कुठून आणायचं आणि दुरुस्तीसाठी कोणाकडे जायचं. ई. कोलाय सापडला तर त्याच दिवशी घरोघर कळलंच पाहिजे. अहवालासाठी थांबणं म्हणजे माहीत असूनही ते पाणी लोकांना पिऊ देणं. खासगी विहिरीचा निकाल आधी मालकाला सांगा, सार्वजनिक ठिकाणचा तारखेसह फलकावर लावा. सांगायला आरोग्य कर्मचारी जावा, पण सोबत गटातली ओळखीची बाई हवीच.

भित्तिपत्रकं मात्र आजच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड तसेच राहतात. वाफ होऊन पाणी आटतं, त्यामुळे त्यांचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाचं वरचं दूध अशा नायट्रेटच्या पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. म्हणून सल्ला निकालाप्रमाणे वेगवेगळा छापा.

प्रयोगशाळेला एकक विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेटसाठी लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लोराइडसाठी १.५, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. पण काही अहवालांत नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' मोजलेलं असतं. तो आकडा ४.४३ ने गुणावा लागतो. अहवालात १२ दिसलं की ५० च्या आत वाटतं, प्रत्यक्षात ते ५३ असतं.

प्रतिसाद २:
नमुन्यांचं सांगतो, कारण चुका तिथेच होतात. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, तीही न विसळता. हातपंप आधी पाच मिनिटं चालवा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. नळाला क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि खराब पाणी स्वच्छ ठरतं. बर्फाच्या पेटीतून शक्यतो सहा तासांत पोचवा, २४ च्या पुढे नकोच. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकचीच घ्या. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच ठिकाणी, त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना), म्हणजे तुमचे चार.

मुलांना पाहणी द्या. हातपंपाच्या ओट्याला तडा आहे का? दहा मीटरच्या आत संडास किंवा शोषखड्डा आहे का? सांडपाणी साचतं का? हो-नाहीची दहा प्रश्नांची यादी पुरे. पाणी खराब का झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा याच यादीत सापडतं.

हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची बाटली वर्गात दाखवायला फार चांगली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले तर २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडतं. मूल ते काळं पाणी एकदा बघतं आणि घरी जाऊन सांगतं. पण त्यावर निवाडा करू नका. मुळातच सडक्या अंड्यासारखा वास येणारं भूजल जंतू नसतानाही काळं होतं. काळी झालेली बाटली तशीच ओतू नका, आत जंतू वाढलेले असतात. ब्लीच घालून निदान अर्धा तास ठेवा, मगच फेका.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. खराब हातपंपाला लाल रंग द्यावा, अशी सूचना आली आहे. द्यावा का?

प्रतिसाद १:
बांगलादेशात आर्सेनिकसाठी कूपनलिका लाल-हिरव्या रंगवल्या. जवळ चांगली कूपनलिका होती तिथे बऱ्याच कुटुंबांनी पाणी बदललं. ती दूर होती तिथे लाल रंग दिसूनही तेच पाणी भरत राहिले. शिवाय तिथली सीमा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. म्हणजे हिरवा पाहून लोक निर्धास्त झाले, तरी आर्सेनिक पाचपटीपर्यंत असू शकत होतं.

तुमच्याकडे ई. कोलायचा निकाल एका पावसानेही बदलतो, पण रंग तसाच राहतो. त्यासाठी पुसता येणारी पाटी लावा. फ्लोराइड सहसा इतक्या लवकर बदलत नाही, तिथे रंग चालेल, पण खाली लिहा: 'पिण्या-रांधण्यासाठी नको, कपडे धुवायला चालेल', आणि जवळच्या चांगल्या पाण्याकडे बाण काढा. हातपंप क्लोरीनने धुतलात तर क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा नमुना घ्या, आणि पाटीवरची तारीख बदला.