बेळगाव परिसरातील रोजच्या प्रवाशांसाठी रेल्वेकडे आधी काय मागावे?

खानापूरकर

खानापूर, गुंजी, देसूर या भागांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करणाऱ्यांच्या वतीने, हुबळी विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा आम्ही काही जण तयार करीत आहोत. लोंढा–बेळगाव–घटप्रभा टप्प्याच्या दुहेरीकरणाचे आणि बेळगावच्या पुनर्विकसित स्थानकाचे लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये हुबळी–पुणे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू–बेळगाव वंदे भारत सुरू झाली. या सुधारणांचे स्वागतच आहे. परंतु वंदे भारतमध्ये मासिक पास चालत नाही, ती लहान स्थानकांवर थांबत नाही, आणि बेंगळुरूच्या रात्रीच्या गाड्यांचे वेळापत्रक त्या शहरात सकाळी पोहोचण्याच्या हिशेबाने बांधलेले असते. मसुद्यात सध्या मिरज–लोंढा मेमू (कमी अंतराची, विजेवर धावणारी प्रवासी गाडी), कोल्हापूरसाठी थेट गाडी, कित्तूरमार्गे धारवाडचा नवा लोहमार्ग आणि लहान स्थानकांवर एक्सप्रेसचे थांबे अशा चार मागण्या आहेत. त्या एकत्रच मांडाव्यात की एखादीच लावून धरावी, याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

माजी सेक्शन कंट्रोलर

चारही मागण्या रास्त आहेत, पण त्यांची टेबले वेगवेगळी आहेत, आणि एकाच कागदावर आल्या की विभागाकडून "मागणीची नोंद घेऊन ती पुढे पाठवली आहे" एवढेच उत्तर मिळते. धारवाडचा नवा मार्ग भूसंपादनावर अवलंबून आहे. शिवाय सुपीक जमीन जाते म्हणून आपल्याच भागातील शेतकऱ्यांची त्याला हरकत आहे, त्यामुळे रोजच्या प्रवाशांच्या निवेदनात तो विषय आणणे शहाणपणाचे नाही. मिरज स्थानक मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते, म्हणून मिरजेत जाणाऱ्या किंवा पुढे कोल्हापूरला नेण्याच्या प्रत्येक गाडीसाठी मध्य रेल्वे आणि आपली दक्षिण पश्चिम रेल्वे या दोन क्षेत्रीय रेल्वेंचे एकमत लागते: फलाट कोणाचा, डबे धुणार कोण, गाडीला उशीर झाल्यास जबाबदारी कोणाची. घटप्रभा–बेळगाव–खानापूर–लोंढा हा पट्टा मात्र पूर्णपणे हुबळी विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथे दुसरा रूळ आहे, वीजवाहक तारा आहेत, आणि मेमूला दोन्ही टोकांना चालककक्ष असल्यामुळे लोंढ्यात इंजिन काढून पुन्हा जोडण्याचा खटाटोपही करावा लागत नाही.

तेव्हा मागणी अशी लिहावी की, सकाळी महाविद्यालये व कार्यालये सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकेक मेमू बेळगावात पोहोचावी आणि सायंकाळी त्याच परत जाव्यात. नवी गाडी मंजूर करण्याचा अधिकार शेवटी रेल्वे मंडळाकडेच असतो. तरीही एखाद्या स्थानकात दिवसभर उभा राहणारा रेक (गाडीच्या डब्यांचा संच) शोधून त्याच्या रिकाम्या वेळात फेरी सुचवली, तर नव्या रेकचा प्रश्नच उरत नाही आणि प्रस्ताव पुढे सरकतो. वेळापत्रक समोर ठेवून हा शोध तुम्हालाही घेता येईल.

उगारवासी

क्षमस्व, पण घटप्रभेपाशी रेघ ओढली तर रायबाग, चिंचली, कुडची, उगार आणि शेडबाळ ही गावे बाहेर राहतात. आमचे बहुतेक व्यवहार मिरज-सांगलीशी आहेत. मोठे आजारपण आले की माणूस मिरजेचीच वाट धरतो, आणि चिंचलीच्या मायाक्का देवीच्या यात्रेला येणारी निम्मी गर्दी तिकडूनच येते. बेळगाव–मिरज अंतर दीडशे किलोमीटरच्या आत असल्याने संपूर्ण मार्गावर मासिक पास मिळू शकतो. फक्त तो वापरता येईल अशी गाडी सोयीच्या वेळी हवी. दोन कार्यालयांचे एकमत अवघड आहे म्हणून सीमेवरच्या गावांनी थांबायचे, हा युक्तिवाद आम्ही बसच्या बाबतीतही पुष्कळ ऐकला आहे.

टिळकवाडीकर

दोन व्यावहारिक गोष्टी निवेदनात असाव्यात, असे मला वाटते. पहिली गोष्ट फाटकांची. बेळगाव शहरात टिळकवाडीतील रेल्वे फाटके बंद झाली की दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागतात, आणि ऐन शाळेच्या वेळी आणखी चार गाड्या आल्या तर शहरातूनच विरोध उभा राहील. म्हणून भुयारी मार्ग व उड्डाणपुलांची मागणी गाडीच्या मागणीला जोडूनच करावी.

दुसरी गोष्ट प्रवासीसंख्येची आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील महिलांना परिवहन मंडळाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्यामुळे रेल्वेने केवळ तिकीट-विक्रीचे आकडे पाहिले, तर या मार्गावर प्रवासीच नाहीत असा निष्कर्ष निघेल. वास्तविक बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. महाविद्यालयांकडून बाहेरगावच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींची गावनिहाय संख्या लेखी घेऊन ती जोडल्यास निवेदनाला वजन येईल. स्थानकाबाहेर शहर बस उभी नसेल तर रेल्वेने वाचलेले पैसे रिक्षातच जातात, म्हणून एक प्रत परिवहन मंडळालाही द्यावी.

माजी सेक्शन कंट्रोलर

उगारवासी यांची हरकत मान्य आहे. माझा मुद्दा केवळ क्रमाचा होता. दोन स्वतंत्र निवेदने करावीत. घटप्रभा–लोंढा मेमूचे निवेदन विभागाला द्यावे, आणि तीच गाडी मिरजेपर्यंत वाढवण्याचे दुसरे निवेदन दोन्ही क्षेत्रीय मुख्यालयांना एकाच दिवशी पाठवावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहणार नाही. कोल्हापूरचा विषय दुसऱ्या निवेदनातही नको. निपाणी-संकेश्वरमार्गे रस्ता सरळ आहे, रेल्वेला मिरजेचा वळसा पडतो, आणि या तुलनेत आपली बाजू लंगडी ठरेल.

खानापूरकर

आभारी आहे. पहिल्या निवेदनात एक्सप्रेसच्या थांब्यांची मागणी वगळून त्याऐवजी मेमू देसूर, इदलहोंड आणि गुंजी येथे थांबावी, असे घालत आहोत. मिरजेच्या निवेदनासाठी उगार-कुडचीकडील कोणी सह्या गोळा करण्याचे काम अंगावर घेतल्यास दोन्ही मसुदे येथेच देईन.

उगारवासी

उगार आणि शेडबाळच्या सह्या मी पाहतो. कुडचीसाठी तेथीलच कोणी तरी पुढे यावे. आणि मसुदा कन्नडमध्येही असावा, कारण या गाड्यांनी जाणारे आमचे अर्धे सहप्रवासी कन्नड भाषक आहेत.