मदत हवी आहे: चीजमधले छुपे प्राणिज घटक आणि व्हीगन चीज

नमस्कार मंडळी,

शाकाहारी असूनही इतकी वर्षं चीज बिनधास्त खात होते. परवा रेनेटबद्दल वाचलं आणि घास घशातच अडकला. चीज करताना दूध साकळवून घट्ट करायला वापरतात ते रेनेट पारंपरिक पद्धतीत दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजच्या नियमांत तर वासराचंच रेनेट लागतं, म्हणजे तिथे विषयच संपला. बाकी पाकिटांवर रेनेटच्या जागी नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं. ते बुरशीपासून केलेलं की जनावराचं, हे कंपनीला न विचारता ओळखता येतं का? काही चीजमध्ये अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम (ई ११०५) असतं, हेही आत्ताच कळलं.

शेवटी दूधच सोडायचं ठरवलं. तिथेही फजिती! 'लॅक्टोज-फ्री' (दुधातली साखर नसलेलं) चीज आणलं आणि घटकांत केसीन निघालं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. मग खरंखुरं व्हीगन, म्हणजे कुठलाच प्राणिज घटक नसलेलं, मिळालं ते खोबरेल तेल आणि स्टार्चचं. तार सुटणं राहिलं बाजूला, टाळूलाच चिकटून बसलं.

भिजवलेले काजू, लिंबू आणि न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीचं, निष्क्रिय केलेलं यीस्ट) वाटून केलेलं फासायला छान होतं. पण मला वितळून ताणलं जाणारं हवंय. टॅपिओका स्टार्च किती घालायचा? किसण्याइतकं घट्ट व्हायला अगर-अगर बरं की कॅरागीनन (दोन्ही समुद्री शेवाळापासूनचे घट्ट करणारे पदार्थ)? आणि घरात एकाला काजूची ॲलर्जी आहे, तर सूर्यफुलाच्या बियांचं कुणी करून पाहिलंय का? माझं करडं आणि कडवट झालं होतं.