झडीच्या पावसात वॉटरप्रूफ रायडिंग जॅकेट-पँट: आतल्या अस्तराचं घ्यावं की वरून रेनसूट?

रपट्यापलीकडचा:
आलापल्ली–सिरोंचा रस्त्यावर आठवड्यातून ३-४ दिवस मोटरसायकलनं जाणं असतं, एका वेळी १०० किलोमीटरच्या आसपास. झड लागली की साध्या रेनकोटात तासाभरात मान आणि मांड्या ओल्या. बजेट जॅकेट-पँट मिळून १५ हजार. दुकानदार म्हणतो, आत वॉटरप्रूफ अस्तर असलेलं टेक्सटाइल जॅकेट घ्या, उन्हाळ्यात अस्तर काढून ठेवा. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तेच जॅकेट चालेल का?

झाडीपट्टी_३५०:
भाऊ, आतल्या अस्तराचं घेऊ नका. त्यात पाणी अडतं ते अस्तरापाशी. म्हणजे बाहेरचं ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर, पॅडांचे कप्पे, बाहेरचे खिसे, सगळं आधी पाणी पितं. जॅकेट जड होतं, वाऱ्यानं ते वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं आणि झडीच्या दिवसांत दोन-दोन दिवस ओलंच राहतं. शिवाय पाऊस आल्यावर रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून अस्तर जोडत बसायचं. तोवर सदरा भिजलेला.

‘ब्रीदेबल’ या शब्दावरही जाऊ नका. घामाची वाफ पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्यातून बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असते म्हणून. बाहेर २८ अंश आणि ९५ टक्के दमटपणा असला की त्या वाफेला ओढ फार कमी उरते. त्यात बाहेरचं कापड चिंब झालं की उरलीसुरली वाटही बंद. थंड देशांतली परीक्षणं वाचून इथं खरेदी केली की हाच घोळ होतो.

आपल्या हवेला जाळीचं जॅकेट आणि त्यावरून रेनसूट, हेच बरं. जॅकेटच्या आतल्या लेबलवर ईएन १७०९२ (रायडिंग कपड्यांचं युरोपीय मानक) आणि पुढं ए किंवा एए बघा. बी वर्गाला धक्का झेलणारे पॅड लागतच नाहीत, आणि सी म्हणजे नुसता पॅड जागेवर धरणारा कपडा. खांदा-कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ (पॅडांचं मानक) लेव्हल २ मिळाली तर उत्तम. चाचणीत लेव्हल १ चा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप) धक्का आत सोडू शकतो, लेव्हल २ चा २० पर्यंत. पाठीला बरेचदा साधा फोम कोंबलेला असतो, तो बदला.

घाटमाथा_चिखलदरा:
सहमत, पण एक सांगतो. दिवसभर पावसातच राहायचं असेल तर लॅमिनेटला, म्हणजे पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेल्या जॅकेटला, तोड नाही. कापड पाणी पीतच नाही, झटकलं की झालं. फक्त १५ हजारांत त्याचं नाव काढू नये आणि मे महिन्यात ते अंगात घालवत नाही.

रेनसूटमध्ये जास्त पैसे पँटवर घाला. वरचा भाग ५,००० मिलिमीटरचा चालतो, पँट १०,००० च्या खाली नको. हा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी ते आत झिरपत नाही त्याचं माप. भिजलेल्या सीटवर तुमचं वजन पडतं आणि तेच पाण्याला कापडातून आत ढकलतं. त्यात सीटचा उतार टाकीकडं, पाणी येऊन मांड्यांच्या बेचक्यात साचतं, आणि चार शिवणी एकत्र येतात त्या नेमक्या तिथंच. तुमच्या मांड्या बहुतेक तिथूनच भिजत असणार. बेचक्यात वेगळा अखंड तुकडा लावलेली पँट शोधा.

मानेला सुती दुपट्टा गुंडाळून निघत असाल तर तो काढा. हेल्मेटखालून ओघळणारं पाणी तो पितो आणि समईच्या वातीसारखं थेट सदऱ्यात उतरवतो. बाहीतून बाहेर डोकावणाऱ्या सदऱ्याच्या कफाचंही तेच. मानेला पॉलिस्टरची नळीपट्टी घाला आणि ती पूर्ण कॉलरच्या आत खोचा.

काळी_माती:
राजेहो, लेबलावर कायले जाता, सूट उलटा करून पाहा! प्रत्येक शिवणीवर टेप न तुटता गेलेली पाहिजे. शिवणी एकमेकींना छेदतात तिथं टेपची कड नखानं उचकून बघा. उठली तर तो सूट परत खुंटीवर. मोबाइलचा टॉर्च आतून लावला की टेप नसलेल्या जागी सुईची भोकं चांदण्यांसारखी चमकतात. पुढच्या चेनमागं दुमडलेली पट्टी हवी, म्हणजे चेनमधून शिरलेलं पाणी पन्हाळीसारखं खाली जातं. नुसत्या रबरी चेनवर भरवसा नको.

उजव्या पायाच्या पोटरीला आतून उष्णता सोसणारा तुकडा आहे का तेही बघा. नायलॉन सायलेन्सरला टेकलं की क्षणात भोक. रंग पोपटी किंवा नारिंगी. सुरजागडच्या खनिजाचे ट्रक उडवतात त्या लाल चिखलात काळा सूट दिसतच नाही.

रपट्यापलीकडचा:
साइज कसा ठरवायचा? आणि बूट-हातमोजे?

झाडीपट्टी_३५०:
जाळीचं जॅकेट अंगात ठेवूनच रेनसूट घालून बघा, आणि उभ्यानं नव्हे, गाडीवर बसून. हँडल धरल्यावर बाही मनगटाच्या हाडापुढं आली पाहिजे. गुडघा वाकला की पँट वर सरकते, म्हणून ती नेहमीपेक्षा ६-७ सेंटीमीटर लांब घ्या.

पँट बुटाच्या बाहेरून, बुटात खोचायची नाही. हातमोज्याचा कफ बाहीच्या आत, कारण हात हँडलकडं उतरता असतो आणि बाहीवरचं पाणी मोज्यातच जातं. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं तर ते बाहेरही पडत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर बुटाचा विचार बाजूला ठेवा, गाडी थांबवा.

धुताना वेलक्रो लावून घ्या, त्यातला चिखल जुन्या टूथब्रशनं काढा. कपड्यांची पावडर आणि कम्फर्ट दोन्ही नको, त्यांचा अंश कापडावर राहिला की पाण्याचे थेंब ओघळायचे थांबून पसरायला लागतात. कोमट पाणी, टेक्निकल वॉश (वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचा खास साबण), मग सावलीत वाळवणं. आणि मार्चमध्ये सूट ओलसर घडी करून टिनाच्या छपराखालच्या पेटीत टाकू नका. उष्णतेनं आणि ओलीनं आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात, टेपही सोलते. पूर्ण वाळवून हँगरला टांगा.