'हू-विच शिकवणं बंद करा' म्हणे!

खडूफळा (दर्यापूरकडचा): काल एकानं इथं लिहिलं, 'खेड्यातल्या पोरांना रिलेटिव्ह प्रोनाउन झेपत नाही. हू, विच, हूज गाळा, छोटी वाक्यं शिकवा, बोलता आलं की झालं.' डोकंच फिरलं. अहो, शाळेचं तोंड न पाहिलेली आमची आजी दिवसभर दुसरं काय बोलते? 'ज्याचं जळते त्याले कळते.' 'ज्याच्या हाती ससा थो पारधी.' हे हूज नाही तर काय आहे? मी सातवीत फळ्यावर लिहितो, 'जो पोट्टा काल आल्ता, थो माहा भाऊ हाय.' मग पोट्टा उचलून पुढं आणतो आणि 'थो' डस्टरनं पुसतो. द बॉय हू केम येस्टर्डे इज माय ब्रदर. दहा मिनिटांचं काम.

चांदूरवाला: कालचं ते मीच लिहिलं होतं. दहा मिनिटं? मी बारावीपर्यंत 'द बॉय हू केम येस्टर्डे, ही इज माय ब्रदर' लिहीत होतो. 'द बुक विच आय बॉट इट' पण. तुमचा 'थो' फळ्यावरून पुसला जातो, डोक्यातून नाही.

सदाशिव३०: शिक्षकच फळ्यावर 'थो' आणि 'आल्ता' लिहिणार असतील, तर मुलांची मराठीही गेली आणि इंग्रजीही.

वऱ्हाडी ठेचा: आले शुद्धलेखनवाले! पाचवीत मी 'मले पानी पायजे' म्हटलं तं बाईनं अख्ख्या वर्गाले हासवलं. दोन वर्षं वर्गात तोंड नाही उघडलं मी. इंग्रजी तं दूरच रायली. आन् मराठीचं विद्यापीठ झालं ते आमच्या रिद्धपूरले, तुमच्या पेठेत नाही!

सदाशिव३०: विद्यापीठाचा इथं काय संबंध? पेपर तपासणारा 'थो'ला मार्क देईल का?

वऱ्हाडी ठेचा: पेपर इंग्रजीचा हाय ना बाप्पा! आन् मास्तर थो पुसूनच रायले. काहून उगाच डोकं खाता?

संत्राबर्फी: भांडण झालं असेल तर ऐका. पीकविम्याचं पत्र आलं आमच्याकडं : 'क्लेम्स, विच वेअर इंटिमेटेड आफ्टर ७२ अवर्स, आर रिजेक्टेड.' 'क्लेम्स'नंतर स्वल्पविराम, 'अवर्स'नंतर स्वल्पविराम. ते दोन नसते तर उशिरा कळवणारे तेवढे बाद. ते आहेत म्हणून अख्खं गावच उशिरा कळवणारं ठरलं! बाबांनी तर दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं. मी साहेबाला बोट ठेवून दाखवलं. म्हणतो, 'एवढं बारीक कोण वाचते मॅडम?' सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत. आता सांगा, विच गाळू?

चांदूरवाला: बरं बाई, विच ठेवा. विमा कंपनीसाठी तरी ठेवा. पण माझ्या 'ही'चं काय ते मास्तरांनी सांगितलंच नाही.

खडूफळा: एसटीत रुमाल टाकून सीट धरतो ना आपण? 'इज'ची सीट 'बॉय'नं धरली आहे, मागून आलेला 'ही' उभा राहील. 'बॉट'ची सीट 'विच'ची, 'इट'ला जागा नाही. हूम मात्र खुशाल गाळा. 'द मॅन आय मेट' म्हणताना इंग्रजही तो गिळतोच.

चांदूरवाला: हे बारावीच्या आधी कोणी सांगितलं असतं तर! असो. रुमालाचं पटलं, दहा मिनिटांचं नाही.

वऱ्हाडी ठेचा: सदाशिवभाऊ, जो बी नको आन् थो बी नको. 'काल आलेला पोट्टा माहा भाऊ हाय.' आता तं चालते?

सदाशिव३०: मुलगा.